चि. ऋतुजास

नागपूर

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

बाडमेरला तेलविहिरीच्या साइटवर तू चक्कर येऊन पडलीस, हे मला परवा दादाच्या तोंडून निसटलं तेव्हा कळलं. "बाबांना सांगू नकोस" असं म्हणाली होतीस म्हणे. त्याच्यावर चिडू नकोस. मी फोनवर ओरडलो, तू फोन ठेवलास, म्हणून आता कागद घेतला.

तब्येतीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. तू विचारलेल्या प्रश्नाचंच लिहितो. एकाच विहिरीत, एकाच फतेहगड वालुकाश्मात, दोन नमुन्यांची सच्छिद्रता, म्हणजे फटींचं प्रमाण, जवळपास सारखी, पण पार्यता, म्हणजे त्या फटींतून तेल-पाणी वाहू देण्याची क्षमता, एकाची भरपूर आणि दुसऱ्याची अगदीच कमी. असं का? आकड्यांकडे नंतर बघ, आधी त्या जुन्या नदीने काय वाहून आणलं ते बघ. तुमच्या मंगला तेलक्षेत्राचा खडक इतका चांगला का? एक तर तो फार खोल गाडला गेलेला नाही, आणि दुसरं, त्यात क्वार्ट्झ भरपूर. क्वार्ट्झचा कण दाबला तरी आकार सोडत नाही, मधल्या फटी शाबूत राहतात. म्हणून 25 टक्क्यांच्या आसपास सच्छिद्रता आणि काही डार्सी (हे तिचं माप) पार्यता मिळते. फेल्डस्पार हे दुसरं खनिज मात्र कुजतं. त्याच्या जागी पोकळी होते खरी, पण त्यातूनच तयार झालेली केओलिनची माती शेजारच्या फटीत जाऊन बसते. त्या मातीतली बारीक छिद्रं सच्छिद्रतेत मोजली जातात, वाहायला मात्र वाट देत नाहीत. मला वाटतं तुझा दुसरा नमुना असाच निघेल. खडकाच्या पातळ कापाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आणि उन्हात कोअरच्या, विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यांच्या, पेट्या उचलायला तिथे दुसरं कोणी नाही का? बरं, राहू दे.

तुला आठवतं, पवनीहून आणलेली वैनगंगेची रेती आणि आत्याकडची नीरेची काळी वाळू, दोन बाटल्या खिडकीत असायच्या? पहिलीत पांढरट क्वार्ट्झ आणि गुलाबी फेल्डस्पार, दुसरीत बेसाल्टचा चुरा. फुटक्या रेडिओचं लोहचुंबक काळ्या वाळूत बुडवलं की त्याला मॅग्नेटाइटच्या मिशा फुटायच्या आणि तू किंचाळायचीस. अंथरुणात वाळू सापडली की आई आधी मला बोलायची, तुला नंतर. तेव्हा तुला सर्दी झाली तरी आधी मला सांगायचीस.

ती नीरेची वाळू तीन किलोमीटर खाली गाडली, तर बेसाल्टचे कण कुजून चिकणमाती होईल आणि मऊ कण लाडवातल्या बेदाण्यासारखे चेपून फटी बुजवतील. पण म्हणून तिला वाईट म्हणू नये. अशाच कणांतलं लोह आणि मॅग्नेशियम कधी कधी क्लोराइट नावाच्या खनिजाचं पातळ अस्तर होऊन क्वार्ट्झच्या कणांवर बसतं. मग त्यांच्यावर नवा क्वार्ट्झ वाढून फटी बुजत नाहीत. उत्तर समुद्रातल्या ट्रायासिक काळातल्या स्कॅगेरॅक वालुकाश्मात खूप खोलवरही फटी शिल्लक आहेत, त्याचं मोठं श्रेय या अस्तराला देतात.

पुढे कधी खोल विहिरीवर काम केलंस, तर कोअर भट्टीत वाळवू देऊ नकोस. इलाइट या मातीच्या खनिजाचे केसासारखे धागे वाळले की कणांना चिकटून बसतात, आणि प्रयोगशाळेतली पार्यता जमिनीखालच्यापेक्षा कितीतरी जास्त येते. हे तुमच्याकडे सगळ्यांना माहीत असेलच. मी पुन्हा मास्तर झालो, माफ कर. जन्म चंद्रपूरकडे कामठी वालुकाश्मात पाणी शोधण्यात गेला, तोही नद्यांनीच टाकलेला. तोंड बंद राहत नाही.

परवा नाना म्हणाले, "तिकडे जमिनीखाली तेलाचं तळं असेल ना?" म्हटलं, तळं नाही हो, खडकाच्या फटीत असतं, आणि त्या फटी आमची ऋतुजा वाचते. जरा मोठ्यानेच म्हटलं, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढं. आई हसली.

पण ऋतुजा, नागपूरच्या मुलीला ऊन लागतं कसं? आपण काय उन्हाला नवखे आहोत? आईचं म्हणणं, हे ऊन नाही, रक्त कमी आहे, तिलाही तुझ्याच वयात असंच झालं होतं. पहाटे कोअर येतो म्हणून रात्रीचं जेवण टाळतेस, हेही दादाने सांगितलं. (त्याला आणखी काय काय माहीत आहे?) नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. फोनवर म्हटलं होतं, ते रागात. तिथल्या डॉक्टरांना दाखव, एवढंच.

पार्सलमध्ये ओआरएसची पाकिटं, खारवलेली बोरं आणि माझं जुनं भिंग आहे. तुझ्या भिंगाची काच हलते म्हणाली होतीस.

तुझे,
बाबा

ता. क. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट दादाला पाठवायचा नाही. मला पाठव. स्लाइडचा फोटोही पाठव, पण आधी रिपोर्ट.