आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून नुसतं काका. आपल्या गल्लीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मागच्या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, आमच्या मीटर रूममधून धूर आला. त्या वेळचं माझं वागणं आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं. 101 ला फोन मीच लावला, आणि पत्ता विचारल्यावर ‘मुलुंड वेस्ट, गणपतीच्या देवळाजवळ’ एवढंच सांगून मोकळी झाले. मुलुंडात गणपतीची देवळं काय एक आहे? तुम्ही बनियनवरच जिना उतरून आलात, माझ्या हातातून फोन घेतलात आणि रस्ता, इमारतीचं नाव, कुठून वळायचं, काय पेटलंय, कोणी अडकलंय का, सगळं एका दमात सांगितलंत. पलीकडच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवला नाहीत. मग दोन पोरांना टॉर्च देऊन नाक्यावर पाठवलंत, कोपऱ्यावरच्या तीन स्कूटर उचलायला लावल्यात आणि स्वतः लिफ्टच्या दारात उभे राहिलात. मीटरवर बादलीभर पाणी ओतायला निघालेल्या आमच्या सेक्रेटरींना तुम्ही जे सुनावलंत ते छापता येण्यासारखं नाही.

बंब थेट फाटकापाशी येऊन थांबला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. त्याबद्दल आभार मानायला आले तर ‘आभार कसले, पुढच्या वेळी पत्ता नीट सांगा’ म्हणालात. तेव्हा राहून गेलेले आभार हे.

आणि दुसरे आभार त्या सहा संध्याकाळींचे. मंडळाच्या स्मरणिकेत यंदा ‘आपलं अग्निशमन केंद्र’ असा लेख घ्यायचं ठरलं आणि तो माझ्या गळ्यात पडला. तुम्ही बंबखात्यातून निवृत्त झालेले, म्हणून मी तुमच्याकडे शौर्यकथा ऐकायला आले होते. वही उघडून ‘तुमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी आग कोणती?’ असा बावळट प्रश्नही विचारला होता. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘ती म्हण माहीत आहे ना, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी? ती उलटी करायची, म्हणजे आमच्या खात्याचा इतिहास झाला. दोघांतलं अंतर कमी करत आणायचं. दुसरं काय केलंय आम्ही?’

मला तेव्हा हे उत्तर टाळाटाळ वाटलं होतं. लिहायला बसल्यावर कळलं की सगळा लेख त्या एका वाक्यात होता.

1803 साली मुंबईचा कोट, म्हणजे आजचा फोर्ट भाग, जळाला, तेव्हा बंबखातं नव्हतंच. पुढे आगी विझवायचं काम बरीच वर्षं पोलिसांकडे होतं. चोर पकडायचे आणि आगही विझवायची. पालिकेच्या हाताखाली पूर्णवेळ दल उभं राहिलं ते 1 एप्रिल 1887 पासून. वाफेवर चालणारे पंप, आणि ते ओढायला घोडे. इथे मी मध्येच माझ्या आजोळच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाची गोष्ट काढली. पाणी तापवणारा तोही बंब आणि आग विझवणारा तोही बंब, हे कसं काय? तुम्ही हसलात. ‘अहो, त्या पंपाच्या पोटातही बॉयलरच होता. आग विझवायला आधी आग पेटवावी लागायची.’ घरी येऊन मी कोश पाहिला, तर शब्द निघाला पोर्तुगीज, ‘बोंबा’, म्हणजे पंप. घोड्यांच्या जोडीला मोटारीवरचा पहिला बंब 1907 मध्ये आला.

पण हे सगळं शहराचं. शहर संपायचं माहीम-शीवला. मुलुंड त्या हिशेबात नव्हतंच. मिठागरं, शेतं आणि एक रेल्वे स्टेशन. भायखळ्याचं मुख्यालय इथून रेल्वेने 25 किलोमीटरहून लांब. 1922 मध्ये झवेरी मंडळींनी क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांकडून स्टेशन ते पाच रस्ता असा भाग आखून घेतला. आम्ही मुलुंडकर त्या काटकोनी रस्त्यांचा अभिमान मिरवतो, पण बंबाच्या काचेतून ते कसे दिसतात हे तुमच्याकडूनच ऐकलं. सरळ रस्ता, काटकोनात वळण, एक बाजू अडली तर मागच्या रस्त्याने शिरायची सोय. ‘बंबासाठीच आखल्यासारखे रस्ते होते,’ असं तुम्ही म्हणालात, आणि त्यातल्या ‘होते’वर जरा जास्तच जोर दिलात. खिडकीखाली दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या.

1957 मध्ये मुलुंड बृहन्मुंबईत आलं आणि भायखळ्याचं खातं आपलंही झालं. आग्रा रोडवर कारखाने होते, डोंगराच्या बाजूला झोपड्या चढत होत्या, चाळींच्या जागी इमारती येत होत्या. उपनगरात पाण्याची पंचाईत वेगळी, हे तुम्ही नकाशा काढून समजावलंत. टँकर भरून आणायचा, तो रिकामा व्हायच्या आत दुसरा पोचला पाहिजे, म्हणजे प्रश्न पुन्हा रस्त्याचाच.

14 एप्रिलचं मात्र मी विचारलं नव्हतं, तुम्हीच काढलंत. 1944 ची दुपार, व्हिक्टोरिया गोदी, फोर्ट स्टिकिन जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं. धोक्याचा लाल बावटा जहाजावर नव्हता. बंबवाले पाणी मारत होते, 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासात दुसरा. दलाचे 66 जण गेले. देशभर अग्निशमन सेवा दिन त्याच तारखेला पाळतात, हे मला माहीत होतं. तुम्ही दरवर्षी त्या सकाळी भायखळ्याच्या स्मारकापाशी जाता आणि दुपारी परत येऊन जयंतीच्या मिरवणुकीत सामील होता, हे काकूंकडून कळलं.

काळबादेवीच्या आगीवर तुम्ही फार बोलला नाहीत. 9 मे 2015, गोकुळ निवास. दलप्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी त्या आगीने नेले. तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होतात. ‘साहेबलोक आत होते,’ एवढंच म्हणून तुम्ही उठून गॅलरीत गेलात. मी वही मिटली. त्या संध्याकाळचं काही लिहिलेलं नाही.

बाकी हसायलाही पुष्कळ मिळालं. मांज्यात अडकलेल्या घारी, झाडावरची मांजरं, आतून कडी लागलेली पोरं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुम्ही एका आजींना खांद्यावर घेऊन निघालात आणि त्या वाटभर कुकरखालचा गॅस बंद करायला सांगत राहिल्या. गळाभर पाण्यात कसला गॅस! 2012 मध्ये दलात मुली आल्या, तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली होती. त्यांत आपणही होतो हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत. ‘ड्रिल बघितली आणि गप्प बसलो.’ हे छापू का विचारलं तर ‘हेच छापा’ म्हणालात.

सोसायटीत काय झालं तेही कळवते. कोपऱ्यावर पिवळे पट्टे मारून घेतले. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा तपासून ‘फॉर्म बी’ भरायचा असतो हे तुम्ही सांगेपर्यंत कमिटीत एकालाही ठाऊक नव्हतं. यंदाचा भरलाय. 101 ला काय सांगायचं त्याचा कागद लिफ्टशेजारी लावलाय, अगदी तुमच्याच क्रमाने.

काल तुमच्याकडून तपासून आलेलं प्रूफ मिळालं. तारखा तुम्ही तशाच ठेवल्यात. ‘शूर’, ‘निधड्या छातीचे’, ‘जिवावर उदार’ हे सगळं लाल पेनने उडवलंत. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि समासात एकच ओळ लिहिलीत: ‘यंत्रचालक राहिला. तो आत जात नाही. पंपापाशी उभा राहतो, आतल्यांना पाणी कमी पडू देत नाही. त्याचा फोटो कधी येत नाही.’

नोकरीत तुम्ही यंत्रचालक होतात, हे सहा संध्याकाळींत मी एकदाही विचारलं नव्हतं.

ओळ घातली आहे. स्मरणिका चतुर्थीच्या आधीच्या रविवारी येईल, पहिली प्रत घेऊन मी स्वतः येते. पिवळ्या पट्ट्यावर आजही एक स्कूटर उभी होती. मालकाला वर जाऊन सांगितलं, तर म्हणाला पाच मिनिटांत काढतो. तुमच्या भाषेत सांगू का त्याला?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची, पत्ता अर्धा सांगणारी