एन्ट्री कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या ‘लेट नाइट’ कार्यक्रमांना, म्हणजे रात्री उशिरा लागणाऱ्या विनोद आणि गप्पांच्या कार्यक्रमांना, उतरती कळा का लागली, यावरचा पुरवणीतला लेख वाचला. जाहिरातींचा आटलेला पैसा, यूट्यूब, राजकारण, सगळं त्यात आलं. सूत्रसंचालक मंचावर येतो कसा, यावर मात्र एक ओळही नव्हती. मला तर या कार्यक्रमांचा जीव त्यातच दिसतो.

जॉनी कार्सनने १९६२ ते १९९२ ‘द टुनाइट शो’ केला. त्याचा निवेदक एड मॅकमॅहन ‘हिअर्स जॉनी’ (हा आला जॉनी) असं पुकारायचा, त्यातला ‘हिअर’ दम संपेपर्यंत ताणायचा. बँड सुरू व्हायचा, रंगीत पडदा जरासा हलायचा आणि कार्सन बाहेर यायचा. पळणं नाही की नाचणं नाही. टाळ्या ओसरेपर्यंत नुसता उभा. मग दिवसभराच्या बातम्यांवरचे विनोद आणि शेवटी हातात काठी नसताना मारलेला गोल्फचा फटका! काही न करता असं उभं राहायला छाती लागते. ती पुढच्यांपैकी फार थोड्यांत दिसली.

कार्सननंतरच्या सूत्रसंचालकांपैकी जे लेनो पुढच्या रांगेतल्या लोकांशी हात मिळवत यायचा, ते मला आवडायचं. डेव्हिड लेटरमन धावत यायचा. कोनन ओब्रायनने जून २००९ मध्ये ‘टुनाइट’ हाती घेतला तेव्हा पहिल्याच भागाच्या सुरुवातीला तो न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत धावत आल्याचं दाखवलं. सेथ मायर्स ऑगस्ट २०१५ पासून सुरुवातीचे विनोदही टेबलामागे बसूनच सांगू लागला. विनोदांची धार कमी झाली नाही, पण आपल्याला भेटायला कुणी आलंय असं काही वाटत नाही.

प्रेक्षकांशिवाय काय होतं ते करोनामुळे मार्च २०२० मध्ये दिसलं. ‘द लेट शो’चा सूत्रसंचालक स्टीफन कोलबेअर स्वतःच्या घरी, सूट घालून बाथटबमध्ये बसून बोलत होता. १४ जून २०२१ रोजी प्रेक्षकांनी भरलेल्या एड सलिव्हन थिएटरमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या नेहमीच्या नाट्यगृहात, तो परतला, तेव्हाच्या टाळ्या ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नसता तरी चाललं असतं.

आपण हे कार्यक्रम पाहतो ते बहुतेक मोबाइलवर, सकाळच्या चहाबरोबर, तुकड्यातुकड्यांत. त्यातले कितीतरी तुकडे थेट पहिल्या वाक्यापासून सुरू होतात. पुकारा, बँड, पडदा, टाळ्या सगळं गायब. माणूस एकदम बोलायलाच लागतो, आणि तो एवढा खुशीत का आहे तेच कळत नाही. नाट्यगृहात एन्ट्रीला टाळी घेणारा नट पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला तर हे फारच खटकतं. आपल्या वाहिन्यांनीही विनोदी कार्यक्रमांचे तुकडे ऑनलाइन टाकताना ही कात्री चालवू नये. वीसेक सेकंदांनी कुणाचा डेटा संपत नाही.

आणि पुरवणीत कार्सनवर एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली