दुखलं तर त्याच दिवशी सांग

सीडर पार्क, टेक्सस
फेब्रुवारी

चि. सोन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, “आई, मला तर त्यांनी नुसतं भरीला दिलं होतं,” आणि लगेच आजीच्या गुडघ्याची चौकशी करायला लागलास. मी तेव्हा गप्प राहिले. स्पीकर चालू होता, बाबा शेजारी होते, आणि असलं काही सगळ्यांदेखत बोललेलं तुला आवडत नाही. म्हणून हे कागदावर लिहितेय. रविवारच्या शाळेतलं तुझं मराठी वाचन अजून पक्कं आहे. निवांत वाच.

तुझ्या आधीच्या बेसबॉल क्लबने तुला दुसऱ्या क्लबला दिलं, त्या ट्रेडमध्ये मोठं नाव दुसऱ्याचं होतं, हे खरं. पण एक गोष्ट तू धरतच नाहीस. ट्रेड पक्का व्हायच्या आधी दोन्ही क्लबांचे डॉक्टर मुलांचे वैद्यकीय कागद तपासतात. तुझ्या कोपराचा एमआरआय, ऑपरेशनचा रिपोर्ट, पट्टा बांधलेला हात, हे सगळं त्यांच्यासमोर होतं. तू तेव्हा धड चेंडूही धरू शकत नव्हतास. तरी यादीत तुझं नाव राहिलं. वर्षभर एकही चेंडू टाकणार नाही अशा मुलाची जबाबदारी कुणी उगाच अंगावर घेतं का? ज्यांनी तुला ड्राफ्ट केलं, म्हणजे नव्या मुलांच्या निवडीत उचललं, त्यांनी तुझा चांगला हात पाहून घेतलं होतं. ह्यांनी दुखावलेला हात पाहून घेतलं. माझ्या लेखी दुसऱ्याचं मोल जास्त आहे.

साताऱ्याहून आजी अजून विचारते, “पोराला न विचारता दुसऱ्या गावी धाडलं तरी कसं?” माइनर लीगमधल्या, म्हणजे मुख्य संघाच्या खालच्या संघांतल्या, मुलाला ह्यात बोलायला जागाच नसते, हे तिला काही केल्या पटत नाही. मी तिला ट्रे टर्नर ह्या खेळाडूचं सांगितलं. सॅन डिएगोच्या पॅड्रेस क्लबने त्याला २०१४ मध्ये ड्राफ्ट केलं आणि त्याच डिसेंबरात वॉशिंग्टनच्या क्लबला द्यायचं ठरवलंसुद्धा. पण ड्राफ्ट झालेल्या मुलाचा वर्षाच्या आत ट्रेड करता येत नाही असा तेव्हा नियम होता. मग तो पोरगा जूनपर्यंत पॅड्रेसच्याच माइनर संघांतून खेळत राहिला. आपल्याला देऊन टाकलंय हे माहीत असताना रोज सकाळी त्यांचीच जर्सी चढवायची! पुढे २०१९ ला त्याच वॉशिंग्टनबरोबर त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली. आजी म्हणाली, “सोसलं म्हणायचं त्याने.”

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते ख्रिस पॅडॅक ह्या पिचरबद्दल. आपल्याच सीडर पार्कचा मुलगा, इथल्याच हायस्कूलमधून निघालेला. २०१८ च्या उन्हाळ्यात तो पॅड्रेसच्या सॅन अँटोनिओमधल्या माइनर संघात होता, तेव्हा बाबा आपल्याला दोन तास गाडी हाकत वुल्फ स्टेडियमला घेऊन गेले होते. तू तेव्हा शाळेत. डावा पाय तो किती उंच उचलतो ते बघत तू उभाच राहिलास, मागचे लोक बसायला सांगत होते. मी नेहमीसारखी स्कोअरबुक मांडीवर घेऊन बसले होते. त्याचा चेंजअप हातातून सुटताना थेट फास्टबॉलसारखा दिसायचा, बॅट्समन बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि चेंडू मागाहून यायचा. घरी येताना गाडीत तुझं एकच, “तो चेंजअप मला शिकायचाय.” शिकलासही.

तेव्हा आपण फक्त त्याचे स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅट्समन, मोजत होतो. त्या मैदानावर येईपर्यंत त्याच्यावर काय काय गुदरलं होतं ते तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी बसून वाचलं.

मायामी मार्लिन्सनी त्याला २०१५ मध्ये आठव्या फेरीत घेतलं. पुढच्या जूनच्या अखेरीस त्यांनी त्याला पॅड्रेसना दिलं, फर्नांडो रॉडनीच्या बदल्यात. तोच रॉडनी, जो सामना संपवला की आभाळात बाण सोडल्यासारखं करायचा. तेव्हा त्याचं वय ३९. मायामीला त्या हंगामापुरता अनुभवी माणूस हवा होता, पॅड्रेसना उद्याचा पिचर हवा होता. एकास एक असा सौदा. पॅडॅकने नव्या क्लबच्या फोर्ट वेनमधल्या माइनर संघासाठी जेमतेम तीन सामने टाकले आणि कोपर गेलं. ऑगस्टमध्ये टॉमी जॉन, कोपराचं लिगामेंट नव्याने बसवायचं ऑपरेशन, तुझं झालं तेच.

वीस वर्षांचा मुलगा, नवा क्लब, कुणी ओळखीचं नाही, आणि हाताला पट्टा. २०१७ चा अख्खा हंगाम त्याच्या नावावर एकही डाव नाही. नोंदींच्या पानावर त्या वर्षाची ओळच नाहीये. ती जागा बघितली की मला त्याच्या आईची आठवण येते. मी तिला ओळखत नाही, पण ती कशी झोपली असेल ते मला कळतं.

पुढचं वर्ष मात्र तू नीट बघ. २०१८ ला तो परतला तो थेट जोरात, असं सगळे म्हणतात. ९० डाव, १२० स्ट्राइकआउट आणि वॉक, म्हणजे चेंडू चुकवून बॅट्समनला फुकट दिलेला पहिला बेस, अवघे ८. वर्षानुवर्षं पेन्सिलने स्कोअर लिहिणाऱ्या बाईला ह्या आकड्याचं किती अप्रूप वाटतं म्हणून सांगू! पण त्यातला ९० हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाकीचे दोन त्याचे, हा क्लबचा. पूर्ण हंगामात तेवढेच टाकू दिले. आधी लेक एल्सिनोरचा माइनर संघ, तिथून सॅन अँटोनिओ, आणि बस.

मग २०१९ चा स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे हंगामाआधीचा सराव कॅम्प, अ‍ॅरिझोनातल्या पिओरियाला, तू आहेस तिथून जवळच. ट्रिपल ए, म्हणजे माइनर लीगची सगळ्यात वरची पायरी, पाहिलेलीसुद्धा नाही असा पोरगा त्या कॅम्पमधून थेट मुख्य संघात गेला. ३१ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध पहिला सामना: पाच डाव, दोन हिट, एक रन, सात स्ट्राइकआउट. आपण घरी बघत होतो, आणि तू टीव्हीसमोर ग्लोव्ह घालून बसला होतास.

आणि जूनमध्ये त्याला खाली पाठवलं. आठवतं का? तू चिडला होतास, “इतका चांगला टाकतोय तरी?” चांगला टाकत होता म्हणूनच. डाव मोजून वापरायचे होते, हात ऑक्टोबरपर्यंत टिकवायचा होता. थोड्या दिवसांनी परत बोलावलं. हंगामभरात १४० डाव आणि वर दोन आउट, १५३ स्ट्राइकआउट.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती. २०२२ च्या एप्रिलमध्ये पॅड्रेसनी त्याला मिनेसोटाला दिलं, आणि मे महिन्यात पुन्हा तेच कोपर, दुसरं टॉमी जॉन. पुन्हा तसंच, नवा संघ आणि हाताला पट्टा. तो रिहॅबमध्ये असतानाच, २०२३ च्या जानेवारीत, मिनेसोटाने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला, सव्वा कोटी डॉलरच्या घरातला. टाकत नसलेल्या हातावर! सप्टेंबरात तो परतला आणि ऑक्टोबरात प्लेऑफमध्ये उतरला. २०२५ च्या जुलैत परत ट्रेड, ह्या वेळी डेट्रॉइटला. तीन ट्रेड झाले, दोन ऑपरेशनं झाली, आणि प्रत्येक वेळी पुढच्या क्लबला तो हवाच होता.

सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही. पॅड्रेसनी पॅडॅकला आणलं त्याच, २०१६ च्या उन्हाळ्यात बोस्टनहून अँडरसन एस्पिनोझा ह्या पिचरला आणलं होतं, पॅडॅकपेक्षा कितीतरी जास्त गाजलेलं नाव. त्याचीही दोन ऑपरेशनं झाली, आणि मेजर लीगचा माउंड, म्हणजे पिचरचा उंचवटा, दिसायला २०२२ उजाडावं लागलं, तेही दुसऱ्याच संघाकडून. हातातली गोष्ट किती आणि नशिबाची किती, हे मला सांगता येत नाही.

आता ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं ते. डिसेंबरात तू घरी होतास, ब्रशी क्रीकच्या मैदानावर बाबांबरोबर लांब चेंडू टाकत होतास, १२० फुटांवरून. मी कुंपणापाशी उभी होते. एक चेंडू टाकलास आणि उजवा हात मांडीमागे नेऊन करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोनदा उघडलंस, मिटलंस. बाबा लांब होते, त्यांना दिसलं नाही. मग पुढचा चेंडू टाकलास, जरा हळू. गाडीत विचारलं तर म्हणालास, थंडीने. त्या दिवशी आपण सगळे बिनस्वेटरचे होतो, सोन्या.

पुढे कॅम्पवर गेल्यावर तू ट्रेनरला सांगितलंस, त्यांनी थोडे दिवस चेंडू बंद ठेवला, मुंग्या येणं थांबलं. बरं झालं. पण मधले दिवस तू ते पोटात ठेवलंस, आणि का ठेवलंस ते मला काल फोनवर कळलं. आपण भरीला आलोय असं ज्याला वाटतं, तो दुखणं सांगायला भितो. त्याला वाटतं, एक तक्रार केली की नाव कापलं जाईल. पाठीवर नाव नसलेली जर्सी, नंबर नव्वदच्या पुढचा, आणि कधीतरी मुख्य संघाच्या सामन्याला एक पिचर कमी पडला तर मागच्या मैदानावरून बोलावणं येईल ह्या आशेवर बसलेली मुलं. अशा ठिकाणी सगळ्यांचेच हात ठणठणीत असल्यासारखे दाखवले जातात. तिथे रडारगनवर दोन मैल जास्त दिसावेत म्हणून जीव तोडून टाकावंसं वाटणार, हे मला कळतं. तू तसं करू नकोस.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी तुला अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवायला सांगितलं होतं, आणि कातडीखाली एक दोरी ताठ उभी राहिली होती. काही लोकांना ती नसतेच, तुला आहे म्हणून ते खूश झाले. तीच काढून त्यांनी कोपरात घातली, हाडाला भोकं पाडून ओवली. त्या जागेवर तिला लिगामेंटचं काम शिकायला वेळ लागतो, वर्ष तर जातंच, कुणाला दीड वर्ष. डॉ. फ्रँक जोब ह्यांनी १९७४ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा हे टॉमी जॉन ह्या पिचरवर केलं, म्हणून तर ह्याला त्याचं नाव, तेव्हा शंभरात एक संधी आहे असं ते म्हणाले होते म्हणतात. जॉनने १९७५ पूर्ण सोडून दिलं, ७६ ला परतला, आणि नंतर १६४ सामने जिंकला, १९८९ पर्यंत. घाई केली असती तर १९७६ च त्याचं शेवटचं ठरलं असतं, असं मला वाटतं.

पिचर कुमार रॉकरची बातमी तूच मला पाठवली होतीस. त्याच्या आजीआजोबांनी भारतातून येऊन इथे संसार मांडला, म्हणून आपल्या घरात त्याचं जरा जास्तच कौतुक. २०२१ ला न्यूयॉर्क मेट्सनी त्याला ड्राफ्टमध्ये दहावा घेतला आणि वैद्यकीय कागद बघून करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सस रेंजर्सनी तिसरा घेतला. २०२३ ला टॉमी जॉन झालं, मग इथे त्यांच्या राउंड रॉकच्या माइनर संघापर्यंत आला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात सिअ‍ॅटलला पहिला सामना टाकला, चार डावांत सात स्ट्राइकआउट. त्याच्या आईने त्या कागदांच्या बातम्या वर्षभर पेपरात वाचल्या असतील. तुझे कागद निदान तुझ्यापाशीच आहेत, आणि तुझ्या क्लबने ते आधीच वाचून तुला घेतलंय. त्यांच्यापासून लपवण्यासारखं आता काही उरलेलंच नाही. दुखलं, मुंग्या आल्या, बोट बधिर वाटलं, त्याच दिवशी ट्रेनरला सांग. त्याच दिवशी. रात्री मला सांगितलंस तर चालेल, पण आधी त्यांना.

मार्चमध्ये मुख्य संघाकडून बोलावणं आलं तर मला आनंदच होईल. नाही आलं आणि तू एप्रिलमध्ये तिथेच थांबून डाव मोजत राहिलास, तरी मला तेवढाच आनंद होईल. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

बाबांनी मार्चच्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटं काढली आहेत. मागच्या मैदानांवर बसायला देतात ना, ते विचारून ठेव. मी स्कोअरबुक आणतेय, नवीन घेतलंय. पार्सलमध्ये भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी आहे. तुमच्या अपार्टमेंटमध्ये तवा आहे का ते कळव, नाहीतर तोही टाकते. त्या व्हेनेझुएलाच्या मुलाला थालीपीठ आवडलं होतं म्हणालास, म्हणून भाजणी जास्तच घातली आहे. आजीला गुरुवारी फोन कर, तिच्या दुपारी, संध्याकाळी ती देवळात असते.

तुझी,
आई