नळीचा थेंब

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगणार होतो, पण आई शेजारी बसून हसते, म्हणून लिहितोय. तुझ्या कपाटातलं सेंच्युरियन रणगाड्याचं अर्धवट मॉडेल मी बाहेर काढलं होतं. तोफ तेवढी जोडायची राहिली होती. म्हटलं, तीस वर्षं शिरोलीत फाउंड्रीत काढली, एवढीशी नळी बसवायला काय लागतंय? सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि डोळ्यांदेखत नळीचा थेंब झाला.

तेराशे-चौदाशे अंशांचं बीड ओतणारा माणूस अडीचशेच्या आसपास पाघळणाऱ्या व्हाइट मेटलपुढं, तुझ्या मॉडेलच्या मऊ मिश्रधातूपुढं, फसला! बेअरिंगमध्ये भरतात ते व्हाइट मेटल आम्हाला काय नवीन होतं का, तरी डोकं चाललं नाही. दोन दिवस कुणाला बोललो नाही.

मग हिशेबाला बसलो. १९६५ च्या आपल्या सेंच्युरियनची तोफ २० पौंडी, तिचं तोंड ८४ मिलिमीटर. तुझं मॉडेल खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, म्हणून भागिले ७२, म्हणजे जेमतेम १.१७ मिलिमीटर. हुपरीच्या जुन्या मित्राकडून तेवढ्या भोकाची चांदीची नळी ओढून घेतली. पैसे घेतले नाहीत त्यानं, पण रणगाड्याला चांदी कशाला, हे चार वेळा विचारलं. पुढं निमुळती केली, आत तारेचा तुकडा घातला आणि सुपरग्लूनं बसवली. आयर्न माळ्यावर टाकलंय.

एक गंमत सांगतो. खरा रणगाडा साधारण ५२ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७२ पटींनी कमी, म्हणून वजनाला तीनदा ७२ नं भागायचं. १३९ ग्रॅम येतात. आईच्या काट्यावर तुझा भरला २३० ग्रॅम. (कणकेच्या काट्यावर शिसं ठेवलं म्हणून बोलणी खाल्ली, ती वेगळीच.) आधी वाटलं, हिशेब चुकला. मग लक्षात आलं, खऱ्या गाडीत चार माणसं बसतात, आपण त्यांची जागा धातूनं भरून टाकलीय. पासष्टच्या लढाईत फिल्लोऱ्याला पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कर्नल तारापोर असल्याच गाडीत जखमी झाले, तरी मागं गेले नाहीत. पाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यानंतर तो रणगाडा हातात घेताना जरा जपूनच घेतो.

तुझं काम बघितलं. पार्टिंग लाइन, साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ, कुठंच दिसत नाही, शाब्बास. पण डाव्या बाजूच्या चाकांवर फ्लॅश, साच्याच्या फटीतून आलेला जादा धातूचा पापुद्रा, तसाच राहिलाय. आमच्याकडं असलं कास्टिंग फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला, परत गेलं असतं. कानस मारताना पाणी लावत जा, धूळ उडू देऊ नकोस, आणि हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. या धातूत शिसं असतं.

रंगाला अजून हात लावलेला नाही. बाहेर झड लागलीय, पंचगंगा पात्राबाहेर आलीय. असल्या दमट हवेत स्प्रेचा प्रायमर पांढरट पडतो. उघडीप मिळाली की साबणानं धुऊन प्रायमर तेवढा मारतो. हिरवा तूच मार, पण बाटलीतला तसाच नको. एवढ्याशा गाडीवर तो काळपट दिसतो, थोडा पिवळट पांढरा मिसळ.

नवरात्रात येशील तेव्हा ती चाकं आधी घे. नळीला उगाच बोट लावून बघू नकोस.

तुझा,
बाबा