कॅमेऱ्याच्या लेखात लाईटबद्दल पण लिहा

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पुरवणीत कॅमेऱ्यावर काही आलं की मी आधी तेच वाचतो, पण त्यात मेगापिक्सेल किती, झूम किती आणि नवीन मॉडेल कुठलं याच्या पुढे गाडी जातच नाही. आमच्यासारखे हौशी लोक निम्म्याहून जास्त फोटो घरातच काढतात आणि तिथे खरी अडचण लाईटची असते, त्यावर कोणीतरी नीट लिहायला हवं असं मनापासून वाटतं म्हणून हे पत्र.

रात्री ट्यूबच्या उजेडात लहान मुलांचे फोटो काढले की एकतर हलतात नाहीतर सगळीकडे बारीक दाणे दिसतात आणि लोक म्हणतात कॅमेराच बदलायला हवा. खोलीतला उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो हो, पण बाहेरच्या उन्हापेक्षा तो शेकडो पटीने कमी असतो. त्यात किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) झूम केली की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, एफ ५.६ वर अडकतं; हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. त्याऐवजी एफ १.८ ची साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावली तर जवळजवळ दहापट लाईट आत येतो, म्हणजे आयएसओ (फोटो उजळ करणारं सेटिंग, वाढवलं की दाणे येतात) न वाढवता १/२० सेकंदाचं शटर १/२०० वर नेता येतं आणि पळणारं पोरगं पण बऱ्यापैकी शार्प येतं. फक्त एवढ्या उघड्या अ‍ॅपर्चरला जवळून काढलं तर एक डोळा शार्प आणि दुसरा ब्लर असं होऊ शकतं, आणि छोट्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स घरात फार जवळची वाटते, पाठ भिंतीला टेकते तरी दोन माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत, त्यामुळे तिथे जास्त रुंद भाग घेणारी ३५ एमएम बरी.

पण लेन्सच्या आधी खिडकी. दिवसा माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा आणि घरातले दिवे चक्क बंद करा, हे सांगितलं की सगळे बुचकळ्यात पडतात, अजून लाईट कमी कशाला करायचा म्हणून. कारण असं की बाहेरचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) किंवा त्याच्याही वर आणि पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, मग नाकाच्या एका बाजूला गाल निळसर आणि दुसऱ्या बाजूला केशरी, आणि व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी) एका बाजूला जमवला की दुसरी बिघडते, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढला तरी एका स्लायडरने ते सुटत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की डोळ्याखालची काळी सावली लगेच उजळते, हे एकदा तरी करून बघाच.

काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात, तो कॅमेऱ्याचा बिघाड नसतो. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करायचं, बहुतेक वेळा पट्टे जातात.

फ्लॅशचं पण तेच. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश सरळ तोंडावर मारला की चेहरा सपाट आणि मागे भिंतीवर काळी सावली, तर डोकं वळवता येणारा फ्लॅश पांढऱ्या छताकडे केला की लाईट वरून पसरून मऊ येतो. छत रंगीत असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो एवढं लक्षात ठेवायचं.

तर विनंती अशी की एखादा लेख असा द्या ज्यात खोली तीच, माणूस तोच, कॅमेरा तोच आणि फक्त लाईट बदललेला, चार-पाच फोटो शेजारी शेजारी. आणि पुरवणीत जे फोटो छापता त्यांच्याखाली शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि लाईट कुठल्या बाजूने होता हे एका ओळीत टाकलंत तर शिकणाऱ्यांना फार उपयोग होईल, जागा पण जास्त जाणार नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक
(एक हौशी फोटोग्राफर)