बाभळीचं नाव यादीत नीट लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मखमलाबादला आमची छोटी रोपवाटिका आहे. पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षलागवडीच्या याद्या येतात. एका यादीत नुसतंच 'अकेशिया' हे शास्त्रीय नाव होतं. हवी होती गावठी बाभूळ, ठेकेदाराने लावली ऑस्ट्रेलियन. शेळीला पाला नाही, डिंक नाही, औताला लाकूड नाही. चिमण्या-सुगरणींना काट्यांचा आसराही नाही.

ठेकेदाराला तरी काय बोलणार? शास्त्राच्या हिशेबानेही आता अकेशिया ऑस्ट्रेलियाचीच. वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप मिलरने १७५४ साली ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली आणि तिची नमुना-जाती, म्हणजे जिच्याशी प्रजातीचं नाव बांधलेलं असतं ती जात, पुढे आपली बाभूळच धरली गेली. नंतर अभ्यासकांना दिसलं की हा एका वंशाचा गोतावळा नाही, म्हणून प्रजाती फोडावी लागली. अशा वेळी जुनं नाव नमुना-जातीच्या गटाकडे राहतं. पण ऑस्ट्रेलियात जवळपास हजार जाती. त्या सगळ्यांची नावं बदलावी लागू नयेत म्हणून २००५ मध्ये वनस्पतिशास्त्राच्या व्हिएन्ना परिषदेत, समितीच्या शिफारशीवरून, नमुनाच बदलून तिकडचा घेतला. विरोधात ५४.९ टक्के मतं पडली, पण समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के हवी होती. २०११ ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. मला हा निर्णय आजही अन्यायाचा वाटतो. बहुमत बाभळीच्या बाजूने होतं!

तरी नियम तो नियम. बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका, हिवर व्हॅचेलिया ल्युकोफ्लोया, आणि पेठ-सुरगाण्याकडचा खैर सेनेगालिया कटेचू. ही विभागणी रानातही पटते. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने, सरळ, पांढरे आणि फुलं गोल गेंदेदार. खैराचे काटे आखूड, आकड्यासारखे वळलेले आणि फुलांचे लांब तुरे. इथं लावतात त्या ऑस्ट्रेलियनला काटाच नाही. तिचं पान दिसतं तो पसरट झालेला देठ असतो.

लागवडीच्या याद्या करणाऱ्यांना आणि उद्यानांतल्या झाडांवर पाट्या लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आधी ठळक मराठी नाव, मग आजचं शास्त्रीय नाव पूर्ण, दोन्ही शब्दांत, आणि कंसात जुनं अकेशियाचं नाव लिहा. नुसती 'बाभूळ'ही पुरत नाही, कारण वेडी बाभूळ आणि सुबाभूळ या निराळ्याच प्रजाती आहेत. 'गावठी बाभूळ' असंच लिहा. पुढच्या हंगामाच्या याद्या निघण्याआधी एवढं झालं तर आम्ही बी वेळेवर भिजत घालू.

आपली,
एक रोपवाटिकाचालक, मखमलाबाद, नाशिक