धरणाचे टक्के छापता तसं गवताचंही छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

हवामान बदलावर तुमच्या पेपरात हल्ली बरंच येतंय, वाचतो आम्ही. पण सगळं सोयाबीन, कांदा, द्राक्ष, डाळिंबाचं असतं, गवताबद्दल कोण अवाक्षर काढत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला, घरची थोडी जिरायत जमीन आणि बाकी मेंढरं, म्हणजे आमचं खरं पीक माळावरचं गवतच.

आमच्या पारावर या विषयावर रोज वाद चालतो. जुनी माणसं म्हणतात यात नवीन काय, ७२ ला माणसांना सुकडी खाऊन दिवस काढावे लागले, दुष्काळ आमच्या पाचवीलाच पुजलाय. तरणी पोरं मोबाईल पुढं करतात, हे बघा म्हणे ऑगस्ट २०२३, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आणि तिसरे एक-दोघं असतात ते म्हणतात पाऊस बिऊस जाऊद्या, गायरानच राहिलं नाही तर पाऊस पडून उगवणार कुठं? मला विचाराल तर तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण भांडण चुकीच्या जागी चाललंय, कारण सगळे पाऊस किती पडला यावर भांडतात आणि गवताला किती पडला यापेक्षा कधी पडला ते लागतं.

आमच्याकडं वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे चांगलं साल. पण तोच पाऊस मे मध्ये बदाबदा पडला आणि पुढं वीस दिवस उघडीप बसली की उगवलेलं कवळं गवत जागेवर करपतं, बी वाया जातं. मारवेलीसारखं खोल मुळाचं गवत असलं तर ते परत फुटतं, पण मारवेल आता ओढ्याकडेला आणि बांधावर शोधावी लागते, माळावर कुसळी माजलीय आणि कुसळ पिकल्यावर मेंढराच्या लोकरीत, कातड्यात घुसतं. दुसरी गोष्ट, आंत्रविषाराची (मेंढराच्या आतड्यात विष होऊन ते दगावतं त्या रोगाची) लस पावसाळ्याच्या तोंडावर देतात, कारण पहिल्या कवळ्या गवतावर मेंढरं तुटून पडतात आणि तेव्हाच दगावतात. २०२५ ला पाऊस मे मध्येच आला, फलटण-बारामतीकडं ओढे-नाले फुटले, मुंबईत २६ मेला मान्सून. ज्यांनी दरवर्षीच्या हिशोबानं जूनची वाट बघितली त्यांची लस राहिली आणि गवत आधी आलं. हे कुठल्या पंचनाम्यात बसवणार?

आणि दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढरांचे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन खाली पाण्याच्या पट्ट्यात, कोकणात जायचं आणि पावसाळ्याला परत माळावर यायचं, ही पद्धत काय हौसेनं पडलेली नाही. पावसाळ्यात मेंढराला कोरडी जमीन लागते नाहीतर खुरं कुजतात, आणि उन्हाळ्यात वर काही शिल्लक नसतं म्हणून खाली. खाली शेतकरी शेतात मेंढरं बसवून घेतो, त्याला खत, आम्हाला धान्य नाहीतर पैसे. पण आता हिवाळ्यातसुद्धा पाऊस गाठतो. १ आणि २ डिसेंबर २०२१ चा पाऊस आठवतोय का, जुन्नर, शिरूर, पारनेर भागात एका रात्रीत गारठून हजारो मेंढरं मेली. उघड्या रानात वाडा, लोकर भिजलेली, वर वारं. पोरं म्हणतात हाच तो क्लायमेट चेंज, म्हातारे म्हणतात अवकाळी पूर्वीपण यायचा. यायचा की, पण लागोपाठ यायला लागल्यावर नाव काय द्यायचं ते द्या, वाडा हलवायचं गणित मोडलं ते मोडलंच.

आता सरकारी गणित बघा. २०२३ ला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमच्या जिल्ह्यातले वाई आणि खंडाळा होते, माण नव्हता! वाईकरांबद्दल तक्रार नाही, त्यांचं पण नुकसान झालं असेल. पण माण दुष्काळी नाही हे ऐकून पारावर जो हशा पिकला तो विचारू नका. नंतर महसूल मंडळं दुष्काळसदृश म्हणून जोडली ती वेगळी गोष्ट. निकष काय तर पाऊस सरासरीच्या किती खाली, पेरा किती झाला, जमिनीत ओल किती आणि उपग्रहातून हिरवळ किती दिसते. सरासरीच जिथं कमी तिथं सरासरीइतका पडूनही भागत नाही ना. आणि वरून हिरवं दिसतं ते मारवेल आहे का गाजरगवत आहे का वेडी बाभूळ, हे उपग्रहाला कोण सांगणार, मेंढरू तर गाजरगवताला आणि वेड्या बाभळीच्या पाल्याला तोंड लावत नाही.

गायरानाचं तर बोलायलाच नको. सुप्रीम कोर्टानं २०११ ला सांगितलं सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, पण कागदावर माळ म्हणजे पडीक, मग कधी ग्लिरिसिडिया लावून वनीकरण, कधी सोलरच्या प्लेटा. सोलरनं शेतीला दिवसा वीज मिळावी हे मलाही पाहिजे, माझीपण मोटार आहे. पण पडीक म्हणून जी जागा देता तिथं कोणाची तरी जनावरं चरतायत हे आधी बघा तरी.

काही जण हिवरे बाजार गावाचं उदाहरण देतात, चराईबंदी केली, माळ हिरवा झाला, गवत कापून न्यायचं. खरंय, काम मोठंच आहे, पण ते दावणीच्या गाईला जमतं. शंभर मेंढरांना कोण विळ्यानं कापून घालणार? माझं म्हणणं बंदी पाळीनं करा, माळाचे तुकडे पाडा, पावसाच्या सुरुवातीला एक तुकडा बी पडेपर्यंत बंद, दुसरा चालू, पुढच्या साली उलट, आणि ठरवताना मेंढक्यांना ग्रामसभेत बसवा. आत्ता होतं काय, ठराव होतो तेव्हा आम्ही वाड्यावर असतो आणि आल्यावर कळतं की चराई बंद.

२०२६ हे युनोनं गवताळ माळरानं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय, त्यानिमित्त भाषणं व्हायची ती होतील. तुमच्याकडं एवढंच मागणं, पावसाळ्यात रोज धरणसाठ्याचा तक्ता छापता, कोयना इतके टक्के, उजनी इतके टक्के, तसं आठवड्यातनं एकदा तालुकावार माळावर चारा किती, ओला किती, वाळला किती, कडब्याचा बाजारात भाव काय आणि कुठली लस कुठं मिळतेय, एवढं चार ओळीत छापा. माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळेल, नाही मिळाली तर आमच्यासारखे फोनवर सांगतील.

आपला,
एक मेंढपाळ शेतकरी, ता. माण, जि. सातारा